सटव्याची चावी

नेकनूरच्या पलीकडच्या एका वाडीवर गहिनीनाथ गुर्जींना अठरा वर्षं झाली. त्यात दुष्काळ किती, ते विचारू नका. त्यांनी मोजणं कधीच सोडलं होतं. अशात वरून हुकूम आला, चौथीच्या पोरांना रोबोट शिकवा. दोन दिवसांचं ट्रेनिंग आणि एक पेटी. घ्या! प्यायला पाणी न्हाई आणि म्हणे रोबोट!

तरी गुर्जींनी शिकवलं, आणि चौथीतल्या केसरनं डोकं लढवलं. शाळेमागच्या विहिरीत टँकर रिता झाला की तरंगती बाटली वर येणार, तार जुळणार आणि वर्गातला पत्र्याचा गडी थाळी बडवणार. पोरांनी त्याचं नाव ठेवलं सटवा.

ही अक्कल गरजेतून आली होती. केसरचे आई-बाप सहकारी कारखान्याच्या उसावर जायचे. ती आजीपाशी, भिवराबाईपाशी राहिली तर दिवसभर विहिरीवर टँकरची वाट बघत बसणार. मग शाळा कसली? त्यापेक्षा फडावर नेलेली बरी, असं बाप त्रिंबकचं म्हणणं. गुर्जी त्याच्याशी भांडभांड भांडले. शेवटी तो म्हणाला, "शनिवारी ट्रक येतोय. त्याच्या आत टँकरच्या पाण्यावर तुमचा सटवा वाजू द्या, पोरगी ठेवतो."

आता गुर्जींची एक खोड. पेटी सरकारी, काही हरवलं तर? म्हणून शाळा सुटली की सटव्याची मोटार कपाटात आणि चावी खिशात. शुक्रवारी नेकनूरला मीटिंग लागली. दमलेला जीव, सकाळी थेट एस.टी.त बसले. चावी खिशातच.

आणि मेला टँकर नेमका त्याच दिवशी आला! बाटली वर आली, तार जुळली. बिनमोटारीचा सटवा गप उभा. त्रिंबक दारातून बघून गेला.

संध्याकाळी गुर्जी त्याच्या पाया पडायचेच राहिले. "माझी चूक हाय रे. पोरीला कावून शिक्षा?"

"चूक कुणाची बी असू द्या, गुर्जी. तिला विहिरीवर बसवून आमी न्हाई जाणार."

शनिवारी ट्रक भरला. बोचक्यांवर बसलेली केसर वरून ओरडली, "गुर्जी, चावी खिडकीत ठेवत जावा. टँकर सांगून येत न्हाई."

मंगळवारी सटव्यानं थाळी बडवली. पोरं हंडे घेऊन पळाली. गुर्जी भिवराबाईच्या घरी गेले, तिचा हंडा उचलला आणि रांगेत जाऊन उभे राहिले.