खुर्चीवरची दोन रजिस्टरं

डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘टेनिस एल्बो’ लिहिलं, तेव्हा कचेरीत चांगलीच करमणूक झाली. “उमरेडचे साहेब क्लबात टेनिस खेळून राहिले वाटते!” शेजारचा टंकलेखक म्हणाला. मी रॅकेट कधी हातातही घेतली नव्हती.

आमचं काम एका वेळी पाच-सहा कार्बनप्रती काढायचं. शेवटची प्रत वाचता यावी म्हणून प्रत्येक कळ जोरात मारावी लागे. मी घरातला पहिला पदवीधर, नागपूरच्या त्या सरकारी कचेरीत तात्पुरत्या जागेवर होतो. दीड महिन्यानं टंकलेखनाची परीक्षा होती. पास झालो तर कायम, नाहीतर परत उमरेड. आणि उजवं कोपर असं दुखायचं की पाण्याचा तांब्या उचलत नसे.

डॉक्टरांनी गोळ्या, शेक आणि पंधरा दिवस विश्रांती सांगितली होती. तात्पुरत्या माणसानं रजा मागावी कशी? गोळ्या घेतल्या, मिठाच्या पुरचुंडीनं शेकलं आणि टायपिंग चालू ठेवलं. दुखणं वाढतच गेलं.

बाबा उमरेडला हातमागावर विणत. एका सकाळी आईनं दिलेली तेलाची बाटली घेऊन ते एस.टी.नं कचेरीत आले. दाराजवळच्या बाकावर बसून बराच वेळ माझं काम पाहत राहिले. जेवणाच्या सुट्टीत म्हणाले,

“काहून गा, कोंबडीवानी पंख उचलून काहून मारून राहिला?”

“मशीन उंच हाय, बाबा.”

“मशीन नाही, खुर्ची खालती हाय. मागावर बसाची फळी बोटभर खाली गेली तं कोपर बोलाले लागते. आमी फळीवर गोणपाट टाकतो.”

“ही हापिसची खुर्ची हाय.”

“खुर्ची हापिसची. हात तं तुहा हाय ना?”

सरकारी खुर्चीत काही उणं असेल, हे माझ्या मनातच आलं नव्हतं. त्या खुर्चीवर बसता यावं म्हणून तर बाबांनी मला शिकवलं होतं. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा घडी करून माझ्या खुर्चीवर ठेवला. मी बसलो. कोपरं आपोआप अंगाजवळ आली.

दुखणं लगेच गेलं नाही. पण वाढायचं थांबलं, आणि महिन्याभरात तांब्या उचलता येऊ लागला.

परीक्षेच्या हॉलमधली खुर्ची आणखीच खाली होती. दुपट्टा नेला होता, तो पुरला नाही. कागद वाटले जात असताना मी उभा राहिलो.

“सर, बसायला दोन जुनी रजिस्टरं मिळतील का? कोपर दुखतं.”

मागं कोणीतरी हसलं. पर्यवेक्षकांनी कपाटातून दोन जाड रजिस्टरं काढून दिली. लिहिलेल्या कागदाला पाय लागला तरी नमस्कार करायचा, असं आमच्या घरचं वळण. इथं तर त्यावर बसायचं होतं. मी रजिस्टरांना हात लावून कपाळाला नेला, तेव्हा हसणारे वाढले. मग घंटा झाली.

कायम झाल्याचं पत्र घेऊन उमरेडला गेलो. बाबा मागावर होते. पत्र त्यांनी उलटसुलट करून पाहिलं.

“बसाले काय घेतलं होतं?”

“दोन रजिस्टरं.”

“कोरी का लिहिलेली?”

“लिहिलेली.”

“नमस्कार केला होता ना?”

“केला.”

त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं आणि मागाचा धोटा उचलला.