पाडव्याची तलवार

उजवा खांदा धरला नसता, तर मी तलवारीच्या वाट्याला गेलेच नसते. कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या तपासणी विभागात मी काम करते. दिवसभर मान खाली घालून नमुने बघायचे आणि संध्याकाळी कंपनीच्या बसने अख्खं नागपूर ओलांडून हुडकेश्वरला घरी यायचं. त्या दिवाळीनंतर माझा हात डोक्याच्या वर जाईनासा झाला. वेणी घालताना अर्ध्यावर थांबावं लागे, वरच्या फळीवरचा डबा नवऱ्याकडून काढून घ्यावा लागे. डॉक्टरांनी भिंतीवर बोटं चढवत न्यायचा व्यायाम सांगितला. तो मी थोडे दिवस केला आणि कंटाळले.

त्याच सुमारास आमच्या लेआउटमधल्या मोकळ्या मैदानात बायकांचा तलवारीचा वर्ग सुरू झाला. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत आपल्या भागातल्या बायकांनी तलवारी फिरवत चालायचं, असं ठरलं होतं. मी नुसती बघायला गेले. शिकवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या होत्या, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, केस पांढरे, आवाज मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. त्यांची काटोलजवळ संत्र्याची बाग होती. मुलगा हुडकेश्वरला राहायचा, म्हणून शनिवारी त्या बसने येत आणि रविवारी संध्याकाळी परत जात. त्यांच्या वडिलांचा गावात आखाडा होता आणि भावांबरोबर त्याही तिथे शिकल्या होत्या. लग्नानंतर सगळं सुटलं, ते थेट नात शाळेत जायला लागल्यावर पुन्हा हातात आलं. सगळ्या बायका त्यांना मावशी म्हणत.

मी माझ्या खांद्याचं सांगितलं, तशी त्यांनी माझ्या हातात काठी दिली आणि म्हणाल्या, "खांदा मधात आणूच नको. मनगट आहे ना तुले? मग मनगटानं फिरव."

पहिले काही आठवडे आम्ही काठीच फिरवली. आधी समोर आठाचा आकडा, मग बाजूला, मग डोक्यावरून. काठी कानाला लागे, गुडघ्याला लागे, शेजारणीला लागे. घरी मी स्वयंपाक करताना झारा फिरवून बघायची. टीव्हीसमोरची आपली खुर्ची नवऱ्याने एक दिवस भिंतीपाशी नेली. मग मावशींनी हलक्या पत्र्याच्या, धार नसलेल्या तलवारी दिल्या, आणि खरी गंमत सुरू झाली. तलवारीला वजन असतं. एकदा ती फिरायला लागली की ती स्वतःच पुढे जाते, आपण फक्त तिला वाट द्यायची. कानाजवळून तिचा सूं असा आवाज जातो. सकाळच्या उन्हात पातं चमकतं आणि आपल्याभोवती काहीतरी उजळ फिरतंय असं वाटतं. खांदा कधी मोकळा झाला ते मला कळलंच नाही. एका रविवारी मी वरच्या फळीवरचा डबा काढला आणि पोहे भिजवले, आणि मग लक्षात आलं की डबा मीच काढला.

माझी मुलगी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. ती फेन्सिंग खेळते, म्हणजे स्पर्धेतली तलवारबाजी. तिच्या प्रकाराला इपी म्हणतात. पांढरा जाड पोशाख, जाळीचा मुखवटा आणि लांब, लवचिक तलवार. नुसतं टोक लावायचं, अंगावर कुठेही. इतकी वर्षं तिची ती लांबलचक बॅग दारामागे पडलेली असायची आणि मी केर काढताना तिला अडखळायची. आता घरात आणखी एक तलवार आली, याचं तिला आधी हसू आलं आणि मग कौतुक वाटलं.

एका संध्याकाळी गच्चीवर मी तिला माझं फिरवणं करून दाखवलं. तिने नीट बघितलं, छान आहे म्हणाली आणि मग विचारलं, "आई, मी समोर उभी राहू का?"

मी तलवार ठेवली आणि काठी घेतली. तिने जुन्या पडद्याचा दांडा उचलला. ती एक खांदा पुढे करून तिरकी उभी राहिली, गुडघे थोडे वाकवून, दांड्याचं टोक माझ्याकडे. मी फिरवायला लागले. ती हललीच नाही. आणि मग दांड्याचं टोक माझ्या पोटावर होतं. ते आलं कधी, ते मला दिसलं नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मी वेग वाढवला, तर टोक आणखी लवकर आलं.

"तू गोल फिरवून राहिली ना, म्हणून मले आधीच समजते ती कुठं येणार आहे," ती म्हणाली. "मी फक्त ती मागं जाईपर्यंत थांबते."

तिने हे अगदी प्रेमाने सांगितलं, तरी मला लागलं. इतके महिने आपण जे जीव लावून शिकलो, ते लुटुपुटूचं निघालं असं वाटलं. त्या रात्री मी काठी पलंगाखाली सारून दिली.

शनिवारी मी मावशींना झालेलं सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्या चिडतील, आजकालच्या पोरींना काय कळतं म्हणतील. त्यांनी मात्र बारीकसारीक विचारलं. ती उभी कशी राहिली, कोणता पाय पुढे होता, दांडा कुठून आला. मी मैदानातच तिच्यासारखी उभी राहून दाखवलं. मावशी पदर तोंडाला लावून हसल्या.

"खरं सांगून राहिली तुह्यी पोरगी. आपण हे लढाले थोडीच शिकतो. घेऊन ये तिले उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी आपली बॅग घेऊन मैदानात आली. वर्गातल्या बायका सतरंजीवर गोल करून बसल्या, कोणी डब्यातून चिवडा आणला होता. मुलीने हट्टाने मावशींना मुखवटा घालायला लावला. नऊवारी, काष्टा आणि वर काळ्या जाळीचा मुखवटा, असं ते रूप पाहून सगळ्या हसायला लागल्या आणि मावशीही आतून हसत असाव्यात, कारण मुखवटा हलत होता. दोघींनी टोकांना कापड गुंडाळलेल्या वेताच्या काठ्या घेतल्या. एकमेकींना नमस्कार केला.

आम्ही वाट बघत होतो, आता मावशी काठी फिरवतील आणि या पोरीला दाखवतील. त्यांनी काठी फिरवलीच नाही. काठीचं टोक पायाशी सोडून, बसची वाट बघावी तशा त्या उभ्या राहिल्या. मुलगी पुढे-मागे होत होती, त्या नुसत्या बघत होत्या. चिवड्याचा डबा मध्येच थांबला. मग मुलगी झेपावली. तिच्या काठीचं टोक मावशींच्या डाव्या खांद्यावर टेकलं आणि त्याच क्षणी मावशींच्या काठीचं टोक तिच्या पुढच्या हातावर चटकन वाजलं.

मुलगी हात चोळत म्हणाली, "आजी, आमच्यात असं झालं तर दोघींनाही गुण मिळतो."

"आमच्यात दोघी बी दवाखान्यात जाते," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या वेळी मुलगी सावध होती. तिने आधी हूल दिली आणि मग टोक पुढे टाकलं, पण मावशी तिथे नव्हत्याच. त्या एक पाऊल बाजूला सरकल्या होत्या आणि त्यांची काठी मुलीच्या पाठीवर हलकेच टेकली होती. मुलगी म्हणाली, आमच्या खेळात असं बाजूला जाता येत नाही, खेळायची पट्टी सरळ आणि अरुंद असते. मावशींनी सांगितलं, वावराच्या बांधावर कोणी अंगावर आलं, तर पट्टी कुठं आहे ते कोण विचारणार आहे. तिसऱ्या वेळी मात्र मुलीने त्यांच्या मनगटावर इतकं स्वच्छ टोक लावलं, की त्यांनी काठीच खाली ठेवली. मुखवटा काढला, सिमेंटच्या बाकावर बसल्या, पाणी मागितलं. दम लागला होता, पण चेहरा खुलला होता.

मुलगी त्यांच्या पायाशी बसली आणि तिने तेच विचारलं, जे मला विचारायचं होतं. "मग हे फिरवणं काहून शिकवता, आजी?"

मावशींनी त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली. पहाटे गोठ्यामागे वडील त्यांना आणि भावांना काठीने लढायला लावत. ते दिसायला अगदी बेकार असायचं. दोन घाव, धक्का, पाय अडकवणं, संपलं. ते बघायला कधी कोणी आलं नाही. सणाच्या दिवशी मात्र अख्खा गाव जमायचा आणि तेव्हा तेच वडील तलवार अशी फिरवायचे, की म्हाताऱ्या बाया उठून दृष्ट काढायच्या. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्यांनी पोरांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"पाहणाऱ्याले तलवार दिसली पाहिजे, म्हणून फिरवाची," मावशी म्हणाल्या. "भांडणात समोरच्याले ती दिसूच नाही पाहिजे. फिरवणाऱ्याले वाटाले लागते का मले लढता बी येते. तेवढं डोक्यात शिरू द्याचं नाही, बस. बाकी फिरवा ना खुशाल. हात तयार होते, दम वाढते, मन खूश राहते. अन् टोक कुठं आहे ते न पाहता समजते."

मग त्यांनी मुलीच्या हातात काठी दिली आणि साधा आठ काढायला सांगितला. मुलीने पहिल्याच फेऱ्यात स्वतःच्या कानावर मारून घेतली. ती मैदानात बसून पोट धरून हसली, आणि मला फार बरं वाटलं. त्या संध्याकाळी मी पलंगाखालची काठी बाहेर काढली.

त्यानंतर मावशींनी वर्गात एक नवीन गोष्ट आणली. आम्ही ऐन वेगात असताना त्या टाळी वाजवायच्या आणि तलवार असेल तिथे थांबवायची. आम्हाला ते मुळीच आवडत नसे. मनगटाला झटका बसायचा, लय तुटायची, आणि शोभायात्रेत थांबायचं कशाला, असं आम्ही कुरकुरायचो. त्या ऐकून घ्यायच्या आणि पुन्हा टाळी वाजवायच्या.

पाडव्याच्या दिवशी उजाडताच आम्ही निघालो. केशरी फेटे, नऊवारी, नाकात नथ, पायात चक्क स्पोर्ट्स शूज. ढोल-ताशा पुढे होता, दोन्ही बाजूंनी माणसं, गॅलऱ्यांतून फुलं पडत होती. चौकात रिंगण झालं. मावशी मध्ये दोन हातांत दोन तलवारी घेऊन, आम्ही सभोवार. ढोल चढत गेला तशी माझी तलवारही चढत गेली. माझ्यासारख्या, दिवसभर मान खाली घालून बसणाऱ्या बाईकडे इतकी माणसं बघत होती आणि मला अजिबात लाज वाटत नव्हती.

आणि तेवढ्यात एक गृहस्थ मोबाइलवर चित्रीकरण करत करत मागे सरकत रिंगणात शिरले. त्यांना मावशी पूर्ण चौकटीत हव्या होत्या. त्यांची पाठ माझ्याकडे होती. माझी तलवार डोक्यावरून खाली येत होती. ढोलात कोणाचं ओरडणंही ऐकू आलं नसतं. मी काही ठरवलं नाही, पण तलवार थांबली. मनगटात कळ गेली, आणि पातं त्यांच्या टोपीपासून वीतभर अंतरावर स्थिर उभं होतं. धार नसली तरी पत्रा तो पत्राच.

गृहस्थ वळले. त्यांनी पात्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "मॅडम, मधातच थांबल्या तुम्ही. आणखी एकदा करा ना."

माझ्या शेजारची बाई इतकी हसली, की तिला तलवार जमिनीला टेकवावी लागली. मावशींनी त्या गृहस्थांना दंडाला धरून कडेला नेऊन उभं केलं, आणि ढोल पुन्हा चढला.

शोभायात्रा संपल्यावर आम्ही कोपऱ्यावरच्या गाडीवर झणझणीत रश्श्याचे तर्री-पोहे खात उभ्या होतो. मुलीने गर्दीतून माझी तलवार थांबताना पाहिली होती. ती नेहमीसारखी थट्टा करेल असं मला वाटलं. तिने मात्र माझं मनगट हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "थांबवली कशी तू? आमचे सर यासाठी रोज ओरडतात माह्यावर."

मी म्हटलं, मला माहीत नाही, हातानेच थांबवली. तिने मान डोलवली आणि माझ्या पोह्यांवर आणखी तर्री मागितली.

उन्हाळ्यात तिची स्पर्धा होती. मावशी त्यासाठी मुद्दाम काटोलहून आल्या, सोबत पिशवीभर संत्री घेऊन. आम्ही दोघी पहिल्या रांगेत बसलो. पाठीला गुण नोंदवणाऱ्या तारा लावलेल्या दोन पोरी पट्टीवर पुढे-मागे झाल्या, कुठेतरी टिक् झालं, दिवा लागला आणि गुण मिळाला. मला काहीही कळत नव्हतं. मी दोनदा चुकून दुसऱ्याच मुलीसाठी टाळ्या वाजवल्या. मावशी म्हणाल्या, "मले वाटलं अजून सुरूच नाही झालं." मुलगी दुसऱ्या फेरीत हरली. हरली ती एका गुणाने, आणि बाहेर आली तेव्हा नाक लाल होतं. मावशींनी तिला संत्रं सोलून दिलं. त्यांनी एवढंच विचारलं, की पुढचा पाय इतका लांब टाकून परत मागे कसा येतो.

"शिकायचंय का, आजी?" मुलीने विचारलं.

"मंग काय नुसती पाहाले आली का मी?"

तिथेच, स्टेडियमच्या मागच्या पार्किंगमध्ये, स्कूटरींच्या रांगेपुढे मुलीने त्यांना उभं कसं राहायचं ते दाखवलं. मावशींनी काष्टा जरा वर खोचला, डावा हात मागे नेला आणि उजवा पाय लांब टाकला. पाय गेला, पण परत येईना. आम्ही दोघींनी दोन्ही बाजूंनी धरून त्यांना सरळ केलं. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पदराने डोळे पुसून त्या म्हणाल्या, "पुन्हा दाखव वं."