रायफलीला माणसाचं माप देणाऱ्या सुमनताई

सुमनताई शिंत्रे यांनी माझं नाव विचारायच्या आधी माझ्या मानेचं माप घेतलं होतं. रियाधच्या मलझ भागातल्या त्या इमारतीत आम्ही आदल्याच दिवशी राहायला आलो होतो आणि गॅस सिलिंडर आणून देणाऱ्याचा नंबर मागायला मी समोरच्या दारावरची बेल वाजवली. दार उघडलं ते पन्नाशीच्या, ठेंगण्या, दोन चष्मे चढवलेल्या बाईंनी. एक चष्मा नाकावर, एक कपाळावर. गळ्यात शिंप्याची टेप. त्यांनी माझ्याकडे एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं, "हलू नका जरा" म्हणाल्या आणि टेपचं एक टोक माझ्या कानाच्या पाळीपाशी, दुसरं खांद्याच्या हाडावर टेकवलं.

"सहा इंच. मान लांब आहे. तुम्हाला गालपट्टी उंच लागंल," त्यांनी सांगितलं, आणि मग, "हं, कोण तुम्ही? मराठी दिसताय."

मला वाटलं, बाई ब्लाउज शिवत असतील. पण आत जेवणाच्या टेबलावर कापडाचा तुकडाही नव्हता. जुन्या पेपरवर लाकडाची एक मूठ पडली होती, तिच्याशेजारी पॉलिश पेपर, कानस, बाटलीच्या बुचांचा ढीग, रबरी स्लिपरचा कापलेला तळवा आणि लाकडातली भोकं बुजवायच्या लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, डबा. मी बँकेत जोखीम विभागात काम करते. न कळलेली वस्तू दिसली की चौकशी केल्याशिवाय मला राहवत नाही. "हे काय आहे?" मी विचारलं.

"एअर रायफलीचे अवयव," त्या शांतपणे म्हणाल्या. "चहा घेणार?"

त्या चहाला दीड तास लागला. सुमनताई कोल्हापूरच्या. तिकडच्या बायका बोलतात तसं त्या स्वतःबद्दल "मी येतो, मी बघतो" असंच बोलायच्या. रियाधमध्ये एकोणीस वर्षं काढूनही त्यात फरक पडला नव्हता. शाळेत असल्यापासून त्या नेमबाजी करत. लग्न झालं, शिंत्रे साहेबांना इथे एअर कंडिशनिंगच्या कंपनीत नोकरी लागली आणि नेमबाजी सुटली. मग दोन मुलं, त्यांची इंडियन स्कूल, डबे, ट्यूशन. मुलं शिकायला पुण्याला गेली त्याच सुमाराला शहराबाहेरच्या एका शूटिंग क्लबात बायकांचा विभाग सुरू झाला. ताई नुसत्या बघायला म्हणून गेल्या. तिथल्या बाईंनी हातात रायफल दिली, ताईंनी दहा छर्रे मारले आणि पुढच्या महिन्यात रीतसर परवानगी काढून त्या तिथे साहाय्यक प्रशिक्षक झाल्या.

क्लबात भाड्याने द्यायच्या सहा रायफली होत्या. सगळ्या एकाच मापाच्या, उंच पुरुषाच्या अंगाला बसतील अशा. शिकायला येणाऱ्या बायका मात्र सतरा तऱ्हेच्या. कुणाचा हात आखूड, कुणाचा गाल दस्त्यापर्यंत, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडापर्यंत, पोचत नाही, कुणाची बोटं चापापर्यंत जात नाहीत. ताईंनी क्लबाच्या मुदीराकडून, म्हणजे व्यवस्थापक बाईंकडून, किरकोळ कामाची परवानगी घेतली. ओरखडे घासून पॉलिश करायचं, ढिले स्क्रू आवळायचे, चिकटवून पुन्हा काढता येतील अशा पट्ट्या लावायच्या. अख्खी रायफल कधी आमच्या इमारतीत आली नाही. तसं आणणं कायद्यात बसत नव्हतं. नळी आणि यंत्र क्लबात कुलपात राहायचं. ताईंच्या पिशवीतून यायची ती मूठ, नेम धरताना गाल टेकवायची गालपट्टी, खांद्याला टेकणारी पट्टी, नुसतं लाकूड आणि रबर.

मी संध्याकाळी बँकेतून आले की त्यांच्या टेबलाशी जाऊन बसायची सवय मला लागली. गालपट्टीखाली बूच का घालतात? कारण ते दाबलं जातं पण बसत नाही. स्लिपरचा रबर का? घाम आला तरी खांद्यावरून घसरत नाही. चापावर कापड का गुंडाळत नाही? "चापाला हात लावायचा नाही," ताई म्हणायच्या. "चाप आणि त्याच्या आतलं सगळं कारखान्यानं केलंय, ते जाणकारानंच उघडावं. आपण बाहेरून माणसाकडनं जायचं." माणसाकडून जायचं, हे त्यांचं नेहमीचं. एखादीला सारखे छर्रे डावीकडे लागत असतील तर बाकीचे प्रशिक्षक तिला श्वास शिकवायचे. ताई तिची चप्पल बघायच्या, खांदा बघायच्या, कोपरापासून बोटापर्यंत टेप लावायच्या.

एकदा क्लबातल्या एका कॉलेजकन्येला तिच्या गालपट्टीला जांभळा रंग हवा होता. मला ते पोरकट वाटलं. ताईंनी दोन दिवस बसून तीन हात दिले, मधे मधे पॉलिश पेपर मारला आणि पट्टी वाळायला गॅलरीत ठेवली. "रंगानं नेम लागतो का ताई?" मी चिडवलं. "नेम नाही लागत. पण हात लागतो," त्या म्हणाल्या. "स्वतःचं वाटलं की पोरगी आठवड्यातनं चारदा येईल. चारदा आली की नेम लागंल."

उम्म नासिरला मी पहिल्यांदा पाहिलं ते क्लबातच. एका शनिवारी ताईंनी मला बरोबर नेलं होतं. उम्म नासिर म्हणजे नासिरची आई. सगळे तिला तसंच हाक मारायचे. पंचावन्नच्या आसपासची, निवृत्त शिक्षिका, बोलायला खेळकर. पण रायफल उजव्या खांद्याला लावली की तिचा चेहरा बदलायचा. तोंड मिटून ती घाईघाईने चाप ओढायची आणि लगेच रायफल खाली ठेवायची. छर्रे कागदभर पसरलेले. मुख्य प्रशिक्षिका तिला धीर धरायला सांगत होती. ताई माझ्याशेजारी उभ्या राहून फक्त बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "तिला उजवा खांदा चालत नाही. डाव्यानं मारली पाहिजे."

"का चालत नाही?"

"ते तिचं तिला ठाऊक."

अडचण अशी होती की क्लबातल्या सहाही रायफली उजव्या हाताच्या होत्या. मूठ उजव्या तळव्यासाठी फुगवलेली, गालपट्टी एकाच बाजूला. डाव्या खांद्याला ती लावायची तर लाकूड तासावं लागणार, आणि तासलेलं लाकूड परत येत नाही. ते किरकोळ कामात बसत नव्हतं. ताईंनी मुदीराला विचारलं. मुदीरा म्हणाली, वर पत्र पाठवते. आठवड्याने पुन्हा विचारलं, "बुकरा," उद्या बघू. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हाही उद्याच. दरम्यान उम्म नासिर दोन शनिवार आली नाही आणि तिसऱ्या शनिवारी सांगून गेली की आपल्याला हे जमायचं नाही, पुढच्या महिन्यापासून नाव काढा.

त्या आठवड्यात ताईंच्या टेबलावर एका रायफलीचा अख्खा दस्ता आला. त्या कानस चालवत होत्या आणि मी समोर बसून होते. भुसा पेपरवर पडत होता. मी दोनदा म्हटलं, ताई, हे तुमचं नाही, क्लबाचं आहे. नोकरी जाईल. त्यांची कानस चालूच राहिली. उजव्या तळव्याचा फुगवटा त्यांनी तासून सपाट केला, दुसऱ्या बाजूला लांबी भरून नवा फुगवटा चढवला. जुनी गालपट्टी काढली, त्या जागेची भोकं बुजवली आणि उलट्या बाजूला बुचांवर चामडं ओढून नवी बसवली. तीन संध्याकाळी गेल्या. शेवटी त्यांनी तेलाचा हात फिरवला. लाकडाचा तो रंग इतका सुरेख आला होता की मी माझी भीती क्षणभर विसरले.

पुढच्या शनिवारी त्यांनी क्लबात दस्ता जोडून घेतला आणि कुणी विचारायच्या आत स्वतः मुदीराच्या खोलीत गेल्या. मी बाहेरच्या बाकावर होते, दार उघडं होतं.

"कुणासाठी केलंस हे?" मुदीराने इंग्रजीत विचारलं.

"माझ्यासाठी," ताई म्हणाल्या. "मला डाव्या हाताने मारून बघायचं होतं."

मी चाट पडले. ताईंना डाव्या हाताने धड भाकरीसुद्धा उलटता येत नव्हती. मुदीरा वाईट बाई नव्हती. तिने पुन्हा पुन्हा विचारलं, कुणा सदस्येने मागितलं होतं का, काही वैद्यकीय कारण आहे का, तसं असेल तर मला वर लिहिता येईल. ताई एकच उत्तर देत राहिल्या. शेवटी मुदीराने फाइल मिटली आणि म्हणाली, मग माझा नाइलाज आहे. खलास. ताईंनी ओळखपत्र गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं आणि जाताना एवढंच सांगितलं की ती रायफल उम्म नासिरला एकदा द्या, फक्त अगदी हलक्या हाताने धरावी लागते.

घरी आल्यावर मी त्यांच्यावर रागावले. खरं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

"खरं मला तरी कुठं माहीत आहे?" त्या म्हणाल्या. "माझा अंदाज. बाईच्या छातीवर शस्त्रक्रिया झालेली असणार. उजवीकडं. ती सदऱ्याआडनं सारखा हात धरते तिथं. आता माझा अंदाज मी हपिसात बसून कागदावर लिहून द्यायचा? तिनं चार महिन्यांत कुणाला सांगितलं नाही."

मग बऱ्याच वेळाने त्यांनी मला स्वतःचं सांगितलं. कोल्हापुरात त्या ज्या रायफलीवर शिकल्या ती त्यांच्या प्रशिक्षकांची होती. दस्ता लांब. मान ताणून गाल टेकवावा लागायचा, मानेत कळ यायची. राज्याच्या निवडीला तीनदा गेल्या, तीनदा मागे पडल्या. सगळे म्हणाले, एकाग्रता कमी आहे. त्यांनीही ते मानलं. पहाटे उठून ध्यान केलं, मेणबत्तीच्या ज्योतीकडे बघत बसल्या. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, इथे क्लबात, एका रायफलीच्या खांद्याच्या पट्टीतला ठोकळा त्यांनी सहज काढून बघितला. दस्ता दीड इंच आखूड झाला आणि दहाच्या दहा छर्रे काळ्या गोलात गेले.

"त्या दिवशी मी घरी येऊन भांडी घासत बसलो," ताई म्हणाल्या. "इतकी वर्षं मी माझ्यातच खोट काढत होतो. खोट लाकडात होती."

पंधरा दिवसांनी उम्म नासिर आमच्या इमारतीत आली. पत्ता तिने मुदीराकडून मिळवला होता. हातात खजुरांचा डबा आणि चेहरा संतापलेला. बँकेमुळे मला कामापुरती अरबी येते, म्हणून ताईंनी मला हाक मारली. उम्म नासिर उभ्या उभ्याच बोलत होती. मुदीराने डाव्या हाताची ती रायफल पुढे केली तेव्हाच ती कुणासाठी होती आणि ताईंची नोकरी का गेली, हे तिच्या ध्यानात आलं होतं. मी तुला सांगितलं होतं का माझ्यासाठी नोकरी घालव म्हणून? तुला कसं कळलं माझं? कुणी सांगितलं?

मी भाषांतर केलं. ताई म्हणाल्या, "तिला सांग, कुणी नाही सांगितलं. नेम धरताना सगळ्या श्वास धरतात. ती दुखणं धरत होती."

मी जमेल तसं सांगितलं. उम्म नासिर खुर्चीवर बसली. मग अबायाच्या बाहीने डोळे पुसून तिने विचारलं, चहा आहे का.

पुढच्या शनिवारी उम्म नासिर मुदीराच्या खोलीत गेली आणि स्वतःच्या तोंडाने सगळं सांगून आली. पण कागद वर गेला होता, तो खाली आला नाही. ताईंना क्लबाने परत घेतलं नाही. एवढंच झालं की ती रायफल मोडीत काढायची नाही, असं मुदीराने ठरवलं. उम्म नासिर डाव्या खांद्याने तीच मारू लागली, आणि क्लबात दोन डावखुऱ्या बायका निघाल्या, त्याही तीच वापरू लागल्या. सुट्या पट्ट्या, मुठी पिशवीत घालून बायका आता ताईंच्या घरी येऊ लागल्या. ज्यांच्या स्वतःच्या रायफली होत्या त्या. ताईंना त्याचं वाईट वाटत होतं का, हे मी एकदा विचारलं. "वाटतं की," त्या म्हणाल्या. "रायफलीचा वास आठवतो. पण लाकूड तासलं ते चुकलं असं नाही वाटत."

वर्षभराने शिंत्रे साहेबांचं कंत्राट संपलं. घरातल्या वस्तू विकून झाल्या, जेवणाचं टेबल एका केरळी कुटुंबाने नेलं. निघायच्या दिवशी दुपारी उम्म नासिर आली. तिने पर्समधून निशाणाचा एक कागद काढला, आदल्या दिवशीचाच, आणि सतरंजीवर ताईंच्या पुढ्यात पसरला. दहा भोकं. एकही मधोमध नव्हतं. पण सगळी अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत, उजवीकडे खाली, दाटीवाटीने बसलेली.

ताईंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि कागद खिडकीशी नेऊन उलटसुलट पाहिला. त्यांना घाई नव्हती. खाली टॅक्सीवाला हॉर्न देत होता, साहेब बॅगा मोजत होते.

"तिला सांग," त्या मला म्हणाल्या, "आता चूक तिची आहे, लाकडाची नाही. चाप ओढताना मनगट वळवते."

मी सांगितलं. उम्म नासिरला इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता.