कवडीचं अंडं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनाही नाही — आणि ह्यांच्याबरोबर सत्तावीस वर्षं संसार केला. पाळकसाहेबांना नाही, सख्ख्या भावाला नाही. देवाला? देवाला वेगळं काय सांगायचं, तो तर तिथेच होता. तुम्हाला सांगते आहे. का, ते विचारू नका. कारणं देत बसले तर आजही राहून जाईल.

पण आधी आमच्या घरची उपासना कशी असायची ते ऐका. फुशारकी वाटली तर वाटू दे, आहेच ती. रत्नागिरीत आम्हां ख्रिस्ती लोकांची घरं ती किती! पण सकाळ-संध्याकाळ एक दिवस न चुकता उपासना होणारं घर विचाराल, तर कुणीही आमच्याच चिरेबंदी ओटीकडे बोट दाखवील. हे मिशनच्या शाळेत मास्तर. त्यामुळे घरही शाळेसारखंच. सकाळी उठलं, तोंड धुतलं, की तिन्ही मुलांनी एकेक नवं वचन पाठ म्हणायचं. वचन नाही तर पेज नाही. थोरला दाऊद रडायचा, धाकटा शमुवेल कालचंच पुन्हा म्हणून बघायचा. मधली एस्तेर मात्र — आमची एस्तू — एकाच्या जागी दोन म्हणायची, आणि वर माझ्याकडे बघायची. मी असं दाखवायची की माझं लक्ष चुलीकडे आहे. कसलं लक्ष! कान सगळा तिच्याकडे.

संध्याकाळी दिवे लागले की चटई घालायची. हे शास्त्रातला एक अध्याय वाचत, मग गीत, मग गुडघे टेकून प्रार्थना. आणि शेवटी पाटी. ही पाटी म्हणजे ह्यांची युक्ती. शाळेतली एक मोठी, कोपरा उडालेली पाटी त्यांनी खुंटीला टांगली होती. एका बाजूला मुलांनी देवाकडे केलेली मागणी लिहायची. ती पूर्ण झाली की तिथली पुसून उलट्या बाजूला लिहायची — तिथे वर ह्यांच्या सुंदर अक्षरात ‘आभार’ असं लिहिलेलं. मुलांना देव कळावा तो असा, रोजच्या जेवणाखाणात, असं हे म्हणत. खरं सांगू? मला अजून ती युक्ती आवडते. पाटीचा काही दोष नव्हता.

जर्मनची लढाई संपून चार-पाच वर्षं झाली असतील. एस्तू नऊ वर्षांची. आमच्याकडे ठिपक्याठिपक्यांची एक कोंबडी होती, कवडी तिचं नाव. ती अंडी घालायची थांबली. एस्तूने पाटीवर लिहिलं — कवडीने अंडं घालावं. एक दिवस गेला, दोन गेले. शाळेतून आली की दप्तर टाकून पोर आधी खुराड्याकडे धावायची आणि रिकाम्या हाताने परत यायची. चौथ्या दिवशी तिने मला विचारलं, देव कोंबड्यांचं बघत नाही का गं? अहो, एका कोंबडीपायी माझ्या पोरीचा विश्वास जायचा!

मी काय केलं असेल? शेजारच्या वेणूच्या आईकडे गेले, पाहुणे आलेत म्हणून खोटंच सांगितलं, आणि एक अंडं मागून आणलं. चुलीच्या वैलाजवळ ठेवून कोमट केलं. एस्तू घरी यायच्या जरा आधी खुराड्यात नेऊन ठेवलं. पोरीची किंकाळी बंदरापर्यंत ऐकू गेली असेल! त्या संध्याकाळी तिने स्वतःच्या हाताने पाटीच्या उलट्या बाजूला लिहिलं, आणि ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

हसलात ना? मीही हसले होते, एकटीच, पदर तोंडाला लावून. एवढंच असतं तर तुम्हाला बसवून कशाला सांगितलं असतं?

एकदा गोडी लागली. लाल रिबिनीची मागणी आली — मिशनच्या मडमबाईंच्या आयाच्या कानात मी सांगितलं, नाताळच्या आधीच रिबीन हजर. मुंबईच्या मामाचं पत्र यावं अशी मागणी आली — मी गुपचूप भावाला कार्ड टाकलं, पुढच्या आगबोटीने एस्तूच्या नावाचं पत्र. मी देवाला हातभार लावते आहे, असं मला वाटायचं. बघा तरी माझी हिंमत! जसा काही तो माझ्यावाचून अडला होता.

आणि मी गप्प कुठे राहिले? बुधवारच्या बायकांच्या प्रार्थनासभेत उभी राहून साक्ष द्यायची. माझी एस्तू मागते आणि देव देतो. बायका ‘स्तुती असो’ म्हणायच्या. कुणी आपल्या खोकल्यासाठी एस्तूला प्रार्थना करायला सांगे, कुणी नवऱ्याच्या नोकरीसाठी. खोकले काय, चार दिवसांनी आपोआप जातातच. नाव मात्र एस्तूचं होई. म्हणजे माझं. विहिरीवर, बाजारात, मी जाईन तिथे हेच सांगायची. आमच्या धर्माबाहेरच्या बायकांनाही. त्यांना तर जरा जास्तच.

वेणूच्या आईलाही मीच सांगितलं होतं.

वेणू एस्तूच्याच वयाची. दोघींची घरं लागून, मध्ये फक्त एक दगडी गडगा. त्यावरून उडी मारून दिवसातून दहा वेळा ये-जा चालायची. वेणूचा बाप गलबतावर तांडेल. त्या थंडीत त्याचं गलबत जयगडच्या खाडीत अडकून पडलं होतं, आणि इकडे वेणूला ताप भरला. साधा नव्हे, मुदतीचा. आठव्या दिवशी वेणूची आई आमच्या ओटीवर आली. वर येऊन बसली नाही, पायरीशीच उभी राहिली.

“मास्तरीणबाय, तुमच्या एस्तूला सांगा ना. तिचा देव तिचं आयकतो म्हनतात. माज्या वेणूसाठी माग म्हनावं तिला.”

त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगते. भीती वाटायला हवी होती. पण मला अभिमान वाटला. परधर्माची बाई माझ्या दारात येऊन माझ्या लेकीची प्रार्थना मागते आहे! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी एस्तूला हाक मारली.

एस्तूने पाटीवरचं बाकी सगळं पुसून टाकलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं — वेणू बरी व्हावी. चहातला गूळ सोडला. शाळेत जाताना, आल्यावर, निजताना गुडघे टेकायची. दुसऱ्या दिवशी मी वेणूला बघायला गेले. डॉक्टर नुकतेच येऊन गेले होते. पोरीचे ओठ काळे पडले होते, ती आईला ओळखत नव्हती. मी तिथे उभी राहिले. ह्या मागणीला मी कुठून अंडं आणू?

तेव्हाच घरी येऊन एस्तूला जवळ घेऊन खरं काय ते सांगता आलं असतं. मी नाही सांगितलं. मी म्हटलं, देव करेल काहीतरी. आजवर त्याचं काम मी केलं, आता एकदा माझं काम तो करील — हो, असंच म्हटलं, अगदी ह्याच शब्दांत.

तेराव्या दिवशी भर दुपारी वेणू गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडे पाळकीणबाई आणि मंडळीतल्या दोघी जणी आल्या होत्या. शेजारी दुःख झालं म्हणून, आणि थोडं एस्तूला बघायलाही. मी सुपात तांदूळ घेऊन निवडत होते. एस्तू आतून आली ती पाटी छातीशी धरून. रडत नव्हती. तिने सरळ मला विचारलं, “आई, कवडीच्या अंड्यासाठी देवाने ऐकलं. मग वेणूसाठी का नाही ऐकलं?”

साधा प्रश्न. उत्तरही साधं होतं — बाळा, ते अंडं मी ठेवलं होतं, वेणूच्याच आईकडून आणून. एवढं एक वाक्य. त्या तीन बायकांपुढे ते म्हणायचं, म्हणजे बुधवारच्या माझ्या सगळ्या साक्षी खोट्या, मी खोटी, मास्तरांचं घर हसण्यावारी जाणार. माझ्या डोळ्यांपुढे पाळकीणबाईंचा चेहरा आला, एस्तूचा नाही. ती तर समोरच उभी होती!

मी काय म्हटलं ते ऐका. आजपर्यंत हेच कुणाला सांगितलेलं नाही. मी सुपातून मान वर न काढता म्हटलं, “प्रार्थना करताना तुझंच मन कुठे भरकटलं असेल. नीट आठवून बघ.”

नऊ वर्षांची पोर. ती खरोखरच आठवायला लागली. कपाळाला आठ्या घालून, वचन आठवावं तशी. आणि मग म्हणाली, हो आई, मंगळवारी. मंगळवारी तू बांगडे तळत होतीस. मी वेणूसाठी गुडघे टेकले होते, पण वास आला आणि मला भूक लागली.

बायका कळवळल्या. पाळकीणबाईंनी तिला कुशीत घेतलं. किती प्रामाणिक लेकरू, म्हणाल्या, मास्तरीणबाई, काय वळण लावलंत हो पोरीला! आणि मी — ज्या जिभेने ते वाक्य बोलले ती झडायला हवी होती, पण मला त्याही वेळी अभिमान वाटला. खोटं नाही सांगत. शेजारी वेणूची आई ऊर बडवत होती, माझ्या लेकीने तिच्या मैत्रिणीचं मरण स्वतःच्या माथी घेतलं होतं, आणि मला वळणाचं कौतुक गोड लागत होतं.

त्या दिवसानंतर एस्तूने बांगडा तोंडात घातलेला नाही. रत्नागिरीची पोर आणि बांगडा नको? असं सगळे विचारतात. ती हसते आणि वाटी सरकवते. आणि पाटीवरही तिने पुन्हा काही लिहिलं नाही. संध्याकाळी तिची पाळी आली की नुसते आभार मानायची. हे म्हणायचे, बघ, आपली एस्तू काही मागत नाही, केवढा तिचा भरवसा! मी मान हलवायची. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. त्याच समाधानात गेले.

माझी तिन्ही मुलं विश्वासात राहिली. मंडळीत कितीजणांची राहिली, मोजून दाखवा! दाऊद मुंबईला मुलांची रविवारची शब्बाथशाळा चालवतो, शमुवेल गीतं म्हणायला लागला की लोक रस्त्यात थांबतात. एस्तू नर्स झाली. तिच्या हाताखालचे रोगी तिला आई म्हणतात, तिच्याहून दुप्पट वयाचे. मला अभिमान आहे. तुमच्यासमोर हे सगळं ओकतानाही आहे, काय करू? तो जात नाही.

गेल्या महिन्यात एस्तू पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं आहे, बाळ आडवं आहे, जपायला हवं. ती नर्स, तिला सगळं कळतं. संध्याकाळी मी चटई घातली, अध्याय वाचला. आता मीच वाचते. आभार मानून झाल्यावर ती तशीच बसून राहिली. मग उठली, पोटावर हात धरून, जपून, आणि खुंटीवरची ती जुनी पाटी काढून तिने माझ्या मांडीवर ठेवली. खडूचा तुकडाही शोधून आणला.

“बाळासाठी तू माग, आई,” ती म्हणाली. “माझं ऐकलं जात नाही. वेणूच्या वेळेला कळलंच की. तुझं ऐकतो तो.”

घरात आम्ही दोघीच होतो. पाळकीणबाई नव्हत्या, कुणी नव्हतं. पंधरा वर्षांनी तोच प्रश्न माझ्या मांडीवर आला होता, आणि ह्या वेळी लाजायला समोर कुणी नव्हतं.

मी खडू घेतला. बाळ सुखरूप व्हावं, असं लिहिलं. अक्षर चांगलं आलं. मग मी मोठ्याने प्रार्थना केली, आणि माझी एस्तू डोळे मिटून माझ्यामागे ‘आमेन’ म्हणाली.