पत्र्याच्या खोलीतली खिडकी

"हीट स्ट्रोक है," डॉक्टर म्हणाले. म्हणजे उष्माघात. माझी धाकटी बहीण सिंधू समोर बेशुद्ध पडली होती. ताप एकशे सहा. त्यांनी विचारलं, "कमरा बंद था? खिडकी किसने बंद की?"

मी म्हटलं, "तिनेच."

ते खोटं होतं. बाकी सगळं खरं सांगते. खानदेशातून सुरतेत पहिला उन्हाळा काढायला येणाऱ्यांनी वाचावं.

आमचं माहेर अमळनेरकडचं. तिथलं ऊन कोरडं. दुपारी दारं-खिडक्या लावायच्या, खिडकीवर ओलं गोणपाट टांगायचं, की मातीच्या घरात गार वाटतं. सुरतेत ऊन गावापेक्षा कमीच, म्हणून नवा माणूस हसतो. पण इथली हवा ओली आहे. घाम येतो, वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग गार होत नाही. हे मला डॉक्टरांनी सांगितलं. चाळीस वर्षं इथे काढून मला ठाऊक नव्हतं.

सिंधू आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर आली. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. डिंडोलीतल्या आमच्या घरावर मुलाने पत्र्याची खोली चढवली होती, ती तिला दिली. तिने साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम धरलं. टिकल्या उडतात म्हणून पंखा बंद ठेवायची. तिसऱ्याच दिवशी म्हणाली, "ताई, तुमच्या सुरतेत माणसं वाफवून खातात का वं? मला दोरीवर तरी वाळत घाल." दोघी खूप हसलो.

त्या दुपारी मी वर गेले तर खिडकी सताड उघडी. मी ओढून घ्यायला लागले.

"राहू दे ना वं ताई. जीव घाबरस."

"आपला गावना उनमा वाढनी तू. आते काय व्हयनं तुले?"

ती परत टिकल्या चिकटवायला लागली. मी मोठी. खिडकी लावली, गोणपाट भिजवून टांगलं, खाली येऊन झोपले.

चार वाजता चहा घेऊन गेले. ती आडवी पडली होती. साडी भिजून चिंब, अंग तव्यासारखं. मेलेल्या आईशी बोलत होती. पाणी पाजलं तर ते तोंडातून बाहेर आलं. मुलाने रिक्षा आणली.

नऊ दिवस आयसीयू. काखेत, जांघेत बर्फाच्या पिशव्या. पहिले दोन दिवस लघवी जवळजवळ नाही. रोज सकाळी क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते त्याची रक्ततपासणी. आम्ही बाहेरच्या बाकावर. दार उघडलं की सगळेच उठून उभे राहायचे.

किडनी सावरली. सेरिबेलम सावरलं नाही. तो मेंदूचा मागचा लहान भाग. तोल आणि बोलणं तो सांभाळतो. उष्णतेने त्याला इजा झाली. थोडं सुधारेल, पहिल्यासारखं नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. बरं केलं. आता ती भिंत धरून चालते. शब्द तुटून येतात. टिकली बोटांत राहत नाही. मी भरवते.

पत्र्याखाली दुपार काढू नका. वारा येऊ द्या, काम बुडलं तरी. कोणी जीव घाबरतो म्हणालं तर ऐका. बरळायला लागलं तर अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. हे मला तिथल्या नर्सबाईंनी शिकवलं. मला चार शब्द सुनावले, सिंधूच्या केसांतला गुंता मात्र त्यांनीच सोडवला. त्यांचे उपकार आहेत.

दोन महिन्यांनी तपासणीला गेलो. तेच डॉक्टर. जुना कागद पाहत, तिचं बोलणं तपासायला त्यांनी तिला विचारलं, "बताओ, उस दिन खिडकी किसने बंद की थी?"

मी काय सांगितलं होतं ते तिने ऐकलेलं नव्हतं. ती माझ्याकडे पाहत राहिली. ओठ जुळायला वेळ लागला.

"मी... मीच."

"आगे से मत करना," डॉक्टर म्हणाले. तिने मान हलवली.

मी शेजारीच बसले होते. तेव्हाही बोलले नाही.

खिडकी मी लावली होती.