डोक्यावर हळदीचं पाणी

फाटकाबाहेरूनच कलकलाट ऐकू आला. परसात कोंबड्यांनी घोळका केला होता आणि मधे काहीतरी पिवळं फडफडत होतं. साळूअक्का खराट्यानं त्यांना हाकत होत्या. मी ते पिवळं उचलून घेतलं. ती त्यांची पांढरी कोंबडी होती. तिच्या तुऱ्यातून रक्त वाहत होतं. आदल्याच दिवशी मी तिला फिट ठरवलं होतं.

मी तंजावरकडच्या ओरत्तनाडुजवळ सरकारी दवाखान्यात जनावरांची डॉक्टर आहे. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिली. शाळा तमिळ, घरची बोली मात्र तंजावरची मराठी. अक्काही तीच बोलतात, म्हणून त्यांच्या कोंबडीचा रोगही मी मराठीतच सांगितला होता : "अक्का, हिला देवी आल्यात."

हा रोग डासांमुळे पसरतो. तुऱ्यावर, डोळ्यांभोवती खपल्या धरतात. त्यावर खास औषध नाही. खपल्या गळेपर्यंत वेगळं ठेवायचं, एवढंच. देवी म्हटल्यावर अक्कांनी खुराड्याला कडुनिंब बांधला, घरात मांस शिजवणं थांबवलं आणि कोंबडीला मागच्या खोलीत ठेवलं. इतकं नीट ऐकणारं माणूस क्वचित भेटतं, म्हणून मला बरं वाटलं होतं.

"अक्का, हिला काय लावलंत?"

"लावलं नाही, न्हाऊ घातलं. देवी उतरली, सोडा, असं तुम्हीच म्हणालात. डोक्यावर पाणी घातल्याशिवाय कशी सोडू? माझ्या लेकाला तरी तसंच सोडलं होतं की काय?"

आमच्याकडे देवी-कांजिण्यांतून उठलेल्या माणसाला हळद-कडुनिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घालतात. मगच तो चारचौघांत मिसळतो. कोंबड्यांचं उलटं असतं. त्या एकमेकींना चेहऱ्यावरून, तुऱ्यावरून ओळखतात. कोणी कोणाला टोचायचं हेही ठरलेलं असतं. काही दिवस दिसली नाही की तिची जागा जाते. ही तर पिवळी, ओली होऊन आली होती. त्यात कोवळ्या तुऱ्यातून रक्त आलं, आणि लाल दिसलं की सगळ्याच टोचतात.

अक्का खराटा टाकून जवळ आल्या. "डॉक्टरम्मा, खुडूक बसणारी ही एकटीच. बाकीच्या सरकारी योजनेतल्या. अंडी देतात आणि उठून जातात. ही गेली तर माझ्या परसात पिल्लू नाही."

मी आमच्या सिनियर सरांना फोन लावला.

"सर, पिसांवरची हळद कशी काढू?"

"तुझ्या साडीवरची निघते का?"

"नाही सर."

"मग? जुनी पिसं गळून नवी येईपर्यंत थांब. तोवर बाकीच्यांना ती दिसू दे, भिडू देऊ नको."

तसं केलं. जखमा धुऊन मलम लावलं. तिला परसातच पंजारमखाली ठेवलं. पंजारम म्हणजे कोंबड्या झाकायची बांबूची मोठी टोपली. दाणे टोपलीच्या आतही टाकायचे, बाहेरही. बाकीच्या जवळ येऊन खाऊ लागल्या. मग त्यांतली सगळ्यात गरीब कोंबडी आत सोडली. दोघी अंगाला अंग लावून बसल्या. अक्का हसल्या. "आता गप्पा मारतायत बघा."

त्या भरवशावर आम्ही टोपली उचलली. सगळ्यांना टोचणारी थोरली कोंबडी नारळाच्या आळ्यातून सरळ धावत आली. आम्ही दोघी मधे पडेपर्यंत तुरा पुन्हा फाटला होता आणि एक डोळा गेला होता.

नंतर तिनं खाणं सोडलं. मी इंजेक्शनं दिली, चोचीत पेज घातली. ती पंजारमखालीच मेली. तेव्हाही ती पिवळीच होती.

"माझ्या पाण्यानं मेली ना?" अक्कांनी विचारलं.

"जखमेनं, अक्का."

"आणि जखम कशानं झाली?"

मी बॅग आवरत राहिले. त्यांनी कडुनिंब सोडवून कालव्यात टाकला.

हल्ली कुणाची कोंबडी बरी झाली की मी त्या घरच्यांना बजावते, हळदीचं पाणी घालायचंच असेल तर तिच्या पायांवर घाला. कोंबडीचे पाय बहुधा आधीच पिवळे असतात.