भाट्याच्या पुलावर लागलेली झोप

वृद्धाश्रमातल्या लोकांना गाडीतून फिरवून आणायचं ठरलं, तेव्हा मीही माझी गाडी घेऊन गेलो. बायको गेल्यापासून शेजारची सीट रिकामीच असते. तासभर गप्पा तरी होतील, हाच खरा मोह. पण माझ्या वाट्याला आलेले आजोबा भाट्याच्या पुलावरच घोरायला लागले. बाजूला एवढा समुद्र, आणि हे घोरतायत! मला रागच आला. तरी वळणावर त्यांची मान लटपटायची, म्हणून पावस गावापर्यंत गाडी बैलगाडीसारखी हाकली. हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

परत आल्यावर जरा घुश्शातच विचारलं, "आजोबा, समुद्र बघितलात?"

"नाय रे. बाजूला कोणीतरी जागा असला, का मगच मला झोप लागते."

मलाही, असं म्हणणार होतो. तोवर ते उतरून गेले होते.